साडी परत करणारं भूत

माझ्या नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरून फुटलेली डोकी, सगळं एका रांगेत उभं राहतं आणि कुठलं प्रकरण कोणत्या गावचं ते नीट सांगता येत नाही. हर्णे बंदरातल्या त्या घराचं मात्र तसं झालेलं नाही. त्या घरातला दिवेलागणीचा अंधार, ओटीवरचा झोपाळा, स्वयंपाकघरातून येणारा ओल्या खोबऱ्याचा वास, सगळं अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं आणि आठवलं की मला हसू येतं. त्यातल्या माणसांची मुलंबाळं त्याच किनाऱ्यावर नांदत आहेत, म्हणून नाव कोणाचंच घेणार नाही.

एकोणीसशे तीस सालानंतरची ती पहिली एकदोन वर्षं. मी फौजदार म्हणून दापोली तालुक्यात नवीनच बदलून आलो होतो. हर्ण्याला आमची एक लहानशी चौकी होती. तिथला हवालदार त्याच किनाऱ्यावरचा, अंगापिंडानं दांडगा, दारूच्या भट्टीवर एकटा धाड घालणारा माणूस. पण भुताचं नाव निघालं की खालच्या आवाजात रामरक्षा सुरू करायचा. कार्तिक संपत आला होता. मी चौकी तपासायला गेलो होतो आणि हवालदार स्टेशन डायरी पुढे ठेवून नुसता उभा होता.

"काय झालं?"

"साहेब, एक फिर्याद आलीय. पण कलम कुठलं लावायचं ते कळेना."

"फिर्याद कसली?"

"भूत साडी परत करतंय."

फिर्यादी बाहेरच बसला होता. त्याला मी इथे शेठ म्हणेन, कारण बंदरावर सगळे त्याला तेच म्हणत. तीनचार मचव्यांचा, म्हणजे मोठ्या शिडाच्या होड्यांचा मालक, नारळ-सुपारी आणि सुकी मासळी भरून मुंबईला पाठवायची आणि येताना कौलं आणायची, असा त्याचा व्यापार. घर नवं, चिरेबंदी, मंगळुरी कौलांचं. बायको काही वर्षांपूर्वी वारलेली, एकच मुलगी. त्या मुलीचं लग्न त्यानं चिपळूणकडच्या एका बड्या व्यापाऱ्याशी ठरवलं होतं. नवरामुलगा बिजवर आणि वयानं चाळिशी ओलांडलेला. साखरपुडा झाला आणि त्या दिवसापासून घरात प्रकार सुरू झाले.

बायको ज्या खोलीत वारली ती खोली शेठनं तेव्हापासून कुलूप लावून ठेवली होती. किल्ली त्याच्या जानव्याला. त्या बंद खोलीत आता दिवेलागणीला बांगड्या वाजत. हिवाळ्याच्या तोंडावर माजघरात सुरंगीच्या फुलांचा वास येई, आणि सुरंगी तर शिमग्याच्या आधी फुलत नाही. शेठच्या बायकोला सुरंगीच्या वळेसराचं, म्हणजे गजऱ्याचं वेड होतं. आणि सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे, नवऱ्याकडून आलेली साडी कपाटातून निघून सकाळी उंबऱ्याबाहेर केळीच्या पानावर सापडे. व्यवस्थित घडी घातलेली, वर सुपारी ठेवलेली. आत नेऊन ठेवली की दोनचार दिवसांनी पुन्हा बाहेर. मग चांदीचा करंडा, मग खेळण्याचा पाळणा, जे जे त्या घरून आलं ते ते उंबऱ्याबाहेर.

"काही चोरीला गेलं?" मी विचारलं.

"नाही."

"मोडलं, फाडलं, नासलं?"

"नाही, साहेब."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याची अडचण आता मला समजली. ज्याची वस्तू त्याला परत करणं हा कुठल्याच कलमाखाली गुन्हा होत नाही.

"हे माझ्या बायकोचं काम नाही," शेठ म्हणाला. "ती माझ्यावर रागवायची नाही. हा माझ्या चुलत भावाचा उद्योग आहे. शेजारीच राहतो. नारळाच्या वाडीच्या हद्दीवरून आमचं वाजलेलं आहे, आणि चारचौघांत बोलून गेलाय की हे लग्न होत नाही, बघाच. त्यानंच कोणाकडून तरी करणी केलीय."

मी जबाब लिहून घेतला, चौकशी करतो म्हणालो आणि प्रकरण अदखलपात्र म्हणून बाजूला ठेवलं. पण ते बाजूला राहिलं नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असताना शेठच्या खलाश्यांनी त्या चुलत भावाला गाठलं. एकानं त्याचा सदरा फाडला, दुसऱ्यानं त्याला गुडघाभर पाण्यात ओढत नेलं, आणि "करणी उतरव, न्हायतर बुडवताव" असा दम भरला. हवालदार वेळेवर पोचला म्हणून बरं, नाहीतर मला भुताऐवजी खुनाचा पंचनामा करावा लागला असता.

दोन्ही पक्षांना चौकीवर आणलं. चुलत भाऊ हा गोल चेहऱ्याचा, तोंडाळ माणूस. ओठ सुजला होता तरी बोलणं थांबलं नव्हतं.

"साहेब, करणी करायला डोकं लागतं. मला ते असतं तर वाडीचा दावा मी हरलो असतो का? लग्न होत नाही म्हणालो, ते खरंच. एवढीशी पोर, आणि नवरा तिच्या बापाच्या बरोबरीचा. असल्या लग्नाला मी काय टाळ्या वाजवू?"

मी शेठला स्पष्ट सांगितलं, की चौकशी पुरी होईपर्यंत कोणाच्या अंगाला हात लागला तर दोन्हीकडच्यांवर चॅप्टर केस करीन, सगळ्यांना जामीन द्यावा लागेल, आणि मचवे बंदरात सडत पडतील. मचव्यांचं नाव काढताच तो नरमला. पण खलाशी धुसफुसत होते. भूत असंच येत राहिलं तर मी तिथे नसलेल्या एखाद्या दिवशी त्या माणसाचं डोकं फुटणार, हे मला दिसत होतं.

पहिली खबर मिळाली ती मात्र जिथून अपेक्षा नव्हती तिथून. गावचा भगत चौकीवर आला. शेठनं त्याला घरात उतारा करायला दोनतीनदा बोलावलं होतं. साठीचा, वाळका, कपाळाला भस्म. चौकीच्या पडवीत उकिडवा बसला आणि म्हणाला, "साहेबानु, त्या भूत न्हाय."

हवालदाराची रामरक्षा मध्येच थांबली.

"तुम्ही भगत. तुम्हीच असं म्हणता?"

"म्हणून तर म्हणतंय. जल्म गेला माझा ह्याच्यात. भूत आला की मडकी फोडील, चूल इझवील, दूध नासवील. ह्या भूत बघा कसा. साडीक धूळ लागू नये म्हणून केळीचा पान घालता. मी उताऱ्याचा भात घरभर सांडला, तर दुसऱ्या दिशी झाडून लख्ख! असा नीटनेटका भूत मी बघलेला न्हाय."

"मग हे शेठला का नाही सांगितलंत?"

भगत जरा ओशाळला. "भूत न्हाय म्हणून भगतानं कसा सांगायचा? तुमी सांगा. तुमचा त्या कामच हाय."

तो गेल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. त्याचं बोलणं पोलिसी होतं. गुन्हेगार कोण हे कळत नसेल तर त्यानं काय केलं नाही ते पाहावं. या भुतानं एकही भांडं फोडलं नव्हतं. चुलत भावानं सूड म्हणून हे केलं असतं, तर साडी चिखलात पडली असती. एवढ्या जपणुकीनं घडी घालणारा हात घरातलाच असला पाहिजे.

त्याच संध्याकाळी मी हवालदाराला घेऊन शेठच्या घरी गेलो. ओटीवर झोपाळ्याशेजारी आम्हाला बसायला दिलं. शेठ आपल्या नव्या मचव्याच्या, म्हणजे त्याच्या मते नव्या मचव्याच्या गोष्टी सांगू लागला. तो त्याचा सगळ्यांत लाडका. "बारा वर्षंसुद्धा झाली नाहीत पाण्यात उतरवून. मुंबईची वाट त्याला आपोआप कळते." मी हूं हूं करत होतो आणि घर पाहत होतो. माजघराला लागून ती कुलूपबंद खोली, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर. मधल्या भिंती कोकणातल्या घरांत असतात तशा, वाशांपर्यंत न पोचलेल्या. वर हातभर मोकळी जागा.

कंदील लागला. आणि बांगड्या वाजल्या.

मी स्वतः ऐकल्या. किणकिण नव्हती, एखादी बाई हातातलं काम करत असावी आणि मध्येच हात वर करून केस मागे सारावेत, तसा आवाज. शेठ पांढराफटक पडला. हवालदारानं माझी बाही धरली ती सोडायचं नाव नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी सुरंगीचा वास माझ्याही नाकाला आला.

"घरातल्या सगळ्यांना इथे बोलवा," मी म्हणालो. "आत्ता. आहेत तसे."

मुलगी आली, परकर सावरत. मोलकरीण आली. गडी आला. तिघांना मी कंदिलाच्या उजेडात उभं केलं. मुलीच्या हातात हिरव्या बांगड्या, मोलकरणीच्या हातात काळ्या काचेच्या. दोघींना हात समोर धरायला सांगितलं.

"सगळे आले?"

"सगळे," शेठ म्हणाला.

आणि त्या दोघींचे हात माझ्यासमोर निश्चल असताना आतल्या खोलीत बांगड्या पुन्हा वाजल्या.

मोलकरीण मटकन खाली बसली. गडी अंगणात पळाला. मुलगी तेवढी जागची हलली नाही. "तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई असेल तर भीती कशाला वाटेल?" पण हे बोलताना तिनं खाली पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, बिचारी रडू दाबते आहे.

मी सांगतो, त्या क्षणी माझाही भुतावर विश्वास बसत आला होता. तेवढ्यात माजघरातून एक बाई आली, आमच्यापुढे कोकमाच्या सरबताचे पेले ठेवले आणि आत निघाली. साठीच्या पुढची, पांढऱ्या लुगड्यातली, कपाळ मोकळं, मनगटं मोकळी.

"ह्या कोण?"

"ही अक्का. माझी थोरली बहीण."

"मघाशी मी सगळ्यांना बोलावलं तेव्हा ह्या नाही आल्या?"

शेठ जरा गोंधळला. "अक्का आत स्वयंपाकात होती. तिला कशाला बोलवायचं?"

नोकरीत मी पुष्कळ जबाब घेतले, पण एखादं उत्तर इतकं खरं क्वचितच मिळालं असेल. त्यानं काही लपवलं नव्हतं. मी 'सगळे' म्हणालो, तो 'सगळे' म्हणाला, आणि त्या 'सगळ्यांत' अक्का धरलेलीच नव्हती. बांगड्यांचा आवाज शोधायला निघालेला माणूस बांगड्या असलेले हात तपासतो. मीही तेच केलं होतं.

त्या संध्याकाळी मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेठ मचव्यावर माल चढवायला गेला आहे हे पाहून परसदारानं गेलो. हवालदाराला विहिरीपाशी उभं केलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो, "अक्का, दोन प्रश्न विचारायचेत."

त्या खवणीवर नारळ खवत होत्या. हात थांबला नाही.

"बसा. पाट आहे तिथे."

मी बसलो आणि वर पाहिलं. कुलूपबंद खोलीच्या भिंतीवरून, वाशाच्या कडेनं, एक काळा दोरा चुलीमागच्या खुंटीपर्यंत आला होता. धुरानं काळवंडलेल्या लाकडावर तो मुद्दाम शोधल्याशिवाय दिसला नसता. त्यांनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं आणि खवणी बाजूला ठेवली.

"कोर्टात नेणार का मला?"

"अजून ठरवलं नाही. आधी सांगा तर."

त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं सांगितलं. भावजय गेली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या अक्कांनी उतरवून ठेवल्या होत्या. त्या दोऱ्यात ओवल्या, शिडी लावून भिंतीवरून पलीकडे सोडल्या. पीठ मळता मळता, आमटी ढवळता ढवळता दोरा ओढायचा. पहाटे उठून सडा घालायचा त्यांचाच नेम होता. साडी तेव्हा बाहेर ठेवायची. घरात त्यांच्याआधी उठणारं कोणी नव्हतं.

"भावाला सरळ का नाही सांगितलंत, की हे लग्न नको?"

"सांगितलं की. म्हणाला, अक्का, तुला लग्नातलं काय कळतं?" त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "खरंच आहे ते. माझं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांची. होडीतून सासरी जाताना मला समुद्र लागला, ओकून ओकून जीव गेला, एवढंच लग्नातलं आठवतं. वर्ष झालं नाही तर ते गेले. फौजदारसाहेब, ज्या माणसासाठी मी सगळा जन्म अशी राहिले, त्याचं तोंडसुद्धा मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करते. उंच होते का बुटके, तेही नाही आठवत."

त्यांनी खवलेलं खोबरं ताटलीत सारखं केलं.

"जिवंत बहिणीचं त्यानं ऐकलं नाही. म्हटलं, मेलेल्या बायकोचं तरी ऐकेल."

"आणि सुरंगी? ती फुलं या दिवसांत कुठून आणलीत?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "वास ना? इतके दिवस मला वाटायचं, सगळ्यांना भासच होतोय. काल मलाही आला. ते माझं काम नव्हे."

मी पुढे त्या खोलीची झडती घेतली, पेटारे उघडले, माळा पाहिला. सुकं फूलसुद्धा सापडलं नाही. त्या वासाचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही आणि अहवालात मी त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाही.

मी उठताना म्हणालो, "अक्का, तुमचा दोरा चालला असता अजून महिनाभर. पण तुमच्या चुलत भावाला खलाश्यांनी पाण्यात ओढलं, ते कळलं का तुम्हाला?"

नव्हतं कळलं. बायकांच्या कानांवर अशा गोष्टी घालायच्या नाहीत, असा त्या घराचा रिवाज. अक्कांचा चेहरा एकदम उतरला.

"माझ्यापायी त्याला मारलं?" त्या म्हणाल्या. मग पदर खांद्यावर ओढून घेतला. "संध्याकाळी सगळ्यांना घेऊन या ओटीवर. त्यालाही आणा. मी सांगते."

"मी सांगू शकतो."

"नको. तुम्ही सांगितलंत तर तो म्हणेल, पोलिसांनी म्हातारीला घाबरवून वदवलं."

संध्याकाळी ओटीवर शेठ, सुजल्या ओठाचा चुलत भाऊ, मचव्याचा म्होरक्या तांडेल आणि अंगणात खलाशी, असे जमलो. भगतही आला होता, मी बोलावलं नसताना. अक्का माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, थांबल्या, आणि मग बाहेर ओटीवर आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी आल्या नसाव्यात, कारण तांडेल चटकन उठून उभा राहिला. त्यांनी बांगड्यांची माळ झोपाळ्यावर, भावाच्या शेजारी ठेवली.

"ह्या तुझ्या बायकोच्या. वाजवल्या मी. साडी मी बाहेर ठेवली. ह्या गरिबाचा काही संबंध नाही." मग खलाश्यांकडे वळून म्हणाल्या, "मारायचं असेल तर मला मारा."

खलाश्यांनी माना खाली घातल्या. शेठ नुसता त्या माळेकडे बघत राहिला. मग ती उचलून त्यानं हातात घेतली.

"अक्का, तू? मला फसवलंस?"

"फसवलं. तुला मी कडेवर घेऊन वाढवलं, आवशीसारखं वाढवलं. तुझ्याशी लबाडी करताना मला गोड नाही वाटलं. पण ह्या पोरीचं माझ्यासारखं झालं असतं, ते मी बघितलं नसतं."

शेठ संतापला. दिलेला शब्द, चारचौघांतली अब्रू, त्या व्यापाऱ्याशी असलेले संबंध, सगळं त्यानं बोलून दाखवलं. लग्न होणारच, असं म्हणाला. तेव्हा मी मध्ये पडलो. दुपारी अक्कांकडून मुलीच्या जन्माचं साल मी विचारून घेतलं होतं.

"शेठ, मुलीचं वय काय?"

"चौदा पूर्ण."

"तुमचा तो लाडका मचवा पाण्यात कधी उतरवलात?"

तो बोटांवर वर्षं मोजू लागला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मचवा पाण्यात घातला त्याच वर्षी ही झाली. बारशाच्या जेवणाला मचवा बांधणारे सुतार होते."

तांडेलही म्हणाला, "व्हय, मी जेवलंय त्या बारशाला."

शेठच्याच हिशेबानं मुलीला बारा वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. तेव्हा चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं हा नव्या कायद्यानं गुन्हा ठरला होता. मी तो शेठला समजावून सांगितला. पोलिसांना आपणहून त्यात हात घालता येत नाही, कोणीतरी कोर्टात फिर्याद करावी लागते, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. शेठला त्यात फट दिसली.

"मग फिर्याद करणार कोण?"

"मी आहे की!" चुलत भाऊ टुणकन उठला. सुजलेल्या ओठांनी इतक्या आनंदानं हसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. "वाडीचा दावा हरलो मी, पण हा हरायचा नाही. साक्षीदार तर इथेच बसलेत."

अंगणात कोणीतरी फिसकन हसलं. शेठनं तिकडे डोळे वटारले आणि मग मुलीकडे वळला. ती अक्कांच्या मागे उभी होती.

"तुला ठाऊक होतं हे?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "अक्का दोरा ओढते तेव्हा आमटी ढवळायची थांबते. आवाज आला की आमटी खाली लागते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लग्न झालं असतं ना!"

यावर पहिला हसला तो भगत. मग तांडेल, मग हवालदार, मग अंगणातले खलाशी. शेठनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडतो आहे. हात काढले तर तोही हसत होता, डोळ्यांत पाणी होतं ते वेगळंच.

"तरीच," तो म्हणाला, "महिनाभर करपलेली आमटी खातोय मी."

आदल्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्या मुलीनं ओठ का मिटले होते, ते मला तेव्हा कळलं. रडू नव्हतं ते.

आता प्रश्न उरला नवऱ्याकडच्यांना सांगायचं कसं. शब्द मोडला म्हणून शेठची नाचक्की व्हायला नको होती. तोड काढली ती भगतानं. तो म्हणाला, "भूत हाय तर खरा. गावाक म्हायती हाय. मी जातंय चिपळूणला आणि सांगतंय, भूत ऐकत न्हाय."

आणि तो खरंच गेला. सोबत साडी, करंडा, पाळणा, सगळं केळीच्या पानांत बांधून नेलं. परत आल्यावर त्यानं चौकीवर येऊन सगळं सांगितलं. तिकडे आधीच कुणकुण पोचली होती आणि नवरदेव इतका घाबरला होता, की त्यानं साडीला हातसुद्धा लावला नाही, दारातूनच नमस्कार केला. मी अहवालात लिहिलं: फिर्यादीचं समाधान झालं असून त्याची पुढे तक्रार नाही, उभय पक्षांत सलोखा झाला आहे. हवालदारानं तो वाचून विचारलं, "साहेब, भुताचं काय लिहू?" मी म्हणालो, "भूत जामिनावर सुटलं असं समज."

तो तालुका सोडून मला पुढे बऱ्याच ठिकाणी जावं लागलं. पाचसहा वर्षांनी रत्नागिरीला बदली झाली तेव्हा एका सकाळी बाजारातून जात होतो. मासेवाल्यांच्या ओळीत एक पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी मोठ्या आवाजात सुरमईचा भाव करत होती. स्वतः खात नव्हती, हे पुढच्याच वाक्यात मासेवालीला ऐकवलं गेलं: "मला नकोच आहे, पोरीला लागते. ती शिकते इथे, मास्तरीण व्हायचीय." त्या अक्का होत्या. मुलीला रत्नागिरीला शिकायला ठेवायचं ठरलं तेव्हा तिच्यासोबत राहायला कोण, असा प्रश्न आला आणि शेठनं या वेळी पहिलं नाव बहिणीचं घेतलं होतं. आगबोटीत बसायला भीती वाटली का, असं मी विचारलं. समुद्र पुन्हा लागला, त्या म्हणाल्या, पण या वेळी बोटीवरचं बाकी सगळं लक्षात राहिलं.

"आणि फौजदारसाहेब, अजून भुतं पकडता का?"

मी हसलो आणि खरं होतं ते सांगितलं. त्या प्रकरणानंतर मी कुठल्याही घरात चौकशीला गेलो, की सगळे समोर आले असं यजमानानं सांगितल्यावर थांबत नसे. आणखी कोण आहे, चुलीशी कोण, परसात कोण, आजारी म्हणून कोपऱ्यात कोण, हे विचारत असे. आणि दहापैकी पाच वेळा तरी प्रकरणाचं तोंड तिथेच सापडे. घरात जे घडतं ते सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत असतं, ज्याला कोणी विचारत नाही. खात्यातल्या नव्या पोरांनाही मी हेच शिकवत होतो.

अक्कांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विचारता ते चांगलं करता. पण विचारून झालं की लगेच उठू नका, थोडं बसत जा. आम्हाला बोलायची सवय नसते. वेळ लागतो."

मी मान डोलावली. त्यांनी हातातली पिशवी माझ्याकडे धरायला दिली आणि मासेवालीकडे वळून राहिलेला भाव पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मला ठाण्यावर जायला उशीर होत होता. तरी मी थांबलो.